फोनला कोणता फाइल मॅनेजर, टीव्हीला कोणता?

मागच्या दिवाळीत साताऱ्याला मावशीकडे गेलो होतो. चहा यायच्या आत तिने फोन माझ्या हातात दिला. "अरे, हा सारखा जागा नाही, जागा नाही म्हणतोय. आणि परवा सातबारा डाउनलोड केला, तो कुठे जाऊन बसलाय कुणास ठाऊक. बघ ना जरा."

फोन 64 जीबीचा. उघडून पाहिलं तर व्हॉट्सॲपवर आलेली चित्रं आणि व्हिडिओ यांनीच त्यातली बरीचशी जागा अडवली होती. सातबाऱ्याची पीडीएफ 'डाउनलोड्स' फोल्डरमध्ये सात वेळा पडली होती, कारण सापडली नाही की मावशी ती पुन्हा उतरवून घ्यायची. आणि फायली सांभाळायला फोनवर एक नाही, तीन ॲप्स होती. एक फोनसोबत आलेलं, एक मोबाइलच्या दुकानात कुणीतरी टाकून दिलेलं, आणि तिसरं 'फोन साफ करा' अशा जाहिरातीवर बोट पडून आलेलं. हे तिसरं ॲप मावशीने कधी उघडलंही नव्हतं, पण फोनमधली प्रत्येक फाइल वाचायची परवानगी त्याच्याकडे होती.

फाइल मॅनेजर कोणता घ्यावा असं लोक विचारतात तेव्हा त्यांना बहुतेक वेळा सोयींची यादी हवी असते. माझ्या मते सुरुवात या परवानगीपासून करायला हवी.

गॅलरी आपल्याला फक्त फोटो दाखवते, गाण्यांचं ॲप फक्त गाणी दाखवतं. दुकानाच्या दर्शनी काउंटरवर मांडलेला माल असावा तसं. पण मागे गोदाम असतं, तिथे सगळं एकाच मांडणीवर असतं: फोटो, पीडीएफ, व्हॉइस रेकॉर्डिंग, अर्धवट उतरलेले चित्रपट, बँकेचं स्टेटमेंट, आधारची प्रत, मुलाची मार्कशीट. फाइल मॅनेजर म्हणजे त्या गोदामात फिरणारा माणूस. त्याला आत सोडल्याशिवाय काम होत नाही, म्हणून तो कोण आहे हे आधी बघायचं.

अँड्रॉइडमध्ये पूर्वी हे दार बरंच सताड उघडं असायचं. 'स्टोरेज'ची एक परवानगी दिली की कोणतंही ॲप, मग ते टॉर्चचं का असेना, सामाईक जागेतल्या सगळ्या फायली वाचू शकायचं. 2019 च्या अँड्रॉइड 10 पासून गुगलने हे आवळायला घेतलं आणि 2020 च्या अँड्रॉइड 11 मध्ये नियम पक्का केला. आता साध्या ॲपला आपल्यापुरती जागा मिळते. ज्याला सगळीकडे फिरायचं आहे त्याला 'ऑल फाइल्स ॲक्सेस' नावाची वेगळी परवानगी मागावी लागते, आणि ती आपल्याला सेटिंग्जमध्ये जाऊन स्वतःच्या हाताने चालू करावी लागते. प्ले स्टोअरवर अशी परवानगी मागणाऱ्या ॲपला ती कशासाठी हवी हे गुगललाही पटवावं लागतं. फाइल मॅनेजरला ती रास्तपणे लागते. एखादा खेळ किंवा कॅल्क्युलेटर ती मागत असेल तर काहीतरी गडबड आहे.

याच बदलामुळे लोकांचा एक नेहमीचा गोंधळ होतो. व्हॉट्सॲपचं फोल्डर पूर्वी फोन उघडल्या उघडल्या समोर दिसायचं, ते नव्या फोनमध्ये दिसत नाही. ते गेलेलं नाही, आत सरकलं आहे. 'अँड्रॉइड' फोल्डर उघडा, त्यात 'मीडिया', त्यात 'कॉम डॉट व्हॉट्सॲप', त्यात 'व्हॉट्सॲप' आणि मग पुन्हा 'मीडिया'. मावशीची सगळी शुभ सकाळ तिथे होती. एक सांभाळायचं: तिथली फाइल पुसली की ती व्हॉट्सॲपच्या गप्पांमधूनही उघडत नाही. नंतर हवी असेल तर बहुधा पाठवणाऱ्यालाच पुन्हा मागावी लागते. त्याशेजारचं 'डेटा' फोल्डर मात्र नव्या अँड्रॉइडवर बाकी ॲप्सना बंद आहे, सगळी परवानगी दिली तरीही. फाइल मॅनेजर बदलून ते उघडेल या आशेने लोक एकामागून एक ॲप टाकत बसतात, त्यात वेळ जातो आणि परवानग्या मात्र वाटल्या जातात.

विश्वासाचा प्रश्न मी एवढा का ताणतोय, त्याला कारण आहे. दहा वर्षांपूर्वी कुणीही फाइल मॅनेजर म्हटला की ईएस फाइल एक्स्प्लोरर हेच नाव घ्यायचा. मीही घ्यायचो, आणि चारचौघांच्या फोनमध्ये मी स्वतः ते टाकून दिलं आहे. हलकं होतं, चांगलं होतं. मग त्यात हळूहळू जाहिराती शिरल्या, चार्जिंगला लावल्यावर पडदाभर येणारे प्रकार शिरले. जानेवारी 2019 मध्ये एका फ्रेंच सुरक्षा संशोधकाने दाखवून दिलं की हे ॲप एकदा उघडलं की ते फोनमध्ये गुपचूप एक छोटा सर्व्हर चालू करतं, 59777 क्रमांकाच्या पोर्टवर. त्याच वाय-फायवर असलेला दुसरा कुणीही त्या दारातून फोनमधल्या फायलींची यादी मागू शकत होता, फायली ओढूनही घेऊ शकत होता. लॉजचं वाय-फाय, कॉलेजचं वाय-फाय, कुठलंही. ती चूक नंतर दुरुस्त झाली, पण त्याच वर्षी एप्रिलमध्ये, जाहिरातींवर खोटे क्लिक करण्याचं मोठं प्रकरण बाहेर आलं त्या सुमारास, हे ॲप प्ले स्टोअरवरून गेलं. 29 जून 2020 ला भारत सरकारने 59 चिनी ॲप्सवर बंदी घातली, त्या यादीतही ते होतं. शेअरइट आणि झेंडर त्याच यादीतली.

तरी आजही 'ईएस प्रो फुकट' असं शोधून कुठल्या तरी साइटवरून ते उतरवणारे लोक आहेत. कृपा करून असं करू नका. ज्या ॲपला आपण घरभर फिरायला देणार, ते कुणी उसवून पुन्हा शिवलेलं असेल तर आत काय भरलंय हे कळायला आपल्याकडे काही मार्ग नाही.

प्ले स्टोअरवर आहे म्हणजे निर्धास्त, असंही नाही. जुलै 2023 मध्ये प्राडिओ या फ्रेंच सुरक्षा कंपनीने प्ले स्टोअरवरची दोन ॲप्स उघडी पाडली. एक फाइल मॅनेजर, दुसरं फायली परत मिळवून देणारं, दोन्ही एकाच डेव्हलपरची, मिळून 15 लाख डाउनलोड. 'आम्ही कोणतीही माहिती गोळा करत नाही' असं त्यांच्या पानावर लिहिलेलं, आणि प्रत्यक्षात संपर्कांची यादी, फोटो, ठिकाण असं बरंच काही चीनमधल्या सर्व्हरवर जात होतं. गुगलने ती नंतर काढली. आणि चांगल्या हेतूच्या ॲपमध्येही खिंडार असू शकतं: मे 2024 मध्ये मायक्रोसॉफ्टने शाओमीच्या फोनसोबत येणाऱ्या फाइल मॅनेजरमधली एक गंभीर त्रुटी जाहीर केली. दुरुस्ती तोवर आलेली होती, पण ती अपडेट करणाऱ्यालाच मिळाली. फोनसोबत आलेली ॲप्स अपडेट करायला आपण विसरतो, तेवढं लक्षात ठेवा.

मग फोनवर काय ठेवायचं

आधी आपलं काम काय ते ठरवा. दहातल्या आठ जणांचं काम एवढंच असतं: जागा मोकळी करणं, उतरवलेली पीडीएफ शोधणं, फोटो मेमरी कार्डावर हलवणं. यासाठी फोनसोबत आलेला फाइल मॅनेजर किंवा 'फाइल्स बाय गुगल' पुरतं. हे दुसरं ॲप गुगलने डिसेंबर 2017 मध्ये 'फाइल्स गो' या नावाने आणलं, आणि त्याच्या जन्मामागे आपल्याकडच्या सवयीचा मोठा हात आहे. भारतातले फोन इतके भरतात कशाने याचा माग काढताना गुगलच्या लोकांना सापडले ते रोज सकाळी येणारे सूर्य, गुलाब आणि देवादिकांचे 'गुड मॉर्निंग' फोटो. असे फोटो ओळखून एकत्र काढून टाकायची सोय त्यात मुद्दाम घातली गेली. पुसलेली फाइल 30 दिवस कचरापेटीत राहते, त्यामुळे घाईत काही गेलं तर परत आणता येतं. त्यात 'सेफ फोल्डर' आहे, पिन टाकून उघडणारं. तो पिन विसरलात तर आतल्या फायली गुगलही काढून देऊ शकत नाही, म्हणून पिन डायरीत लिहून मगच त्यात कागदपत्रं टाका.

मावशीच्या फोनवर मी हेच ठेवलं. सातबाऱ्याच्या सहा प्रती काढल्या, उरलेल्या एकीला 'सातबारा वरची वाडी' असं मराठीत नाव दिलं. फाइलचं नाव देवनागरीत देता येतं हे तिला माहीतच नव्हतं. मग तिनेच बसून आधार, रेशनकार्ड, वीजबिल अशी सगळ्यांची नावं बदलली. शोधायच्या अडचणीवर याहून चांगला उपाय मला कोणत्याही महागड्या ॲपमध्ये मिळालेला नाही.

काम यापेक्षा जास्त असेल, म्हणजे झिप फायली उघडायच्या, संगणकावरचं शेअर केलेलं फोल्डर फोनवर बघायचं, शेकडो फायलींची नावं एकदम बदलायची, तर पुढची नावं बघा. 'मटेरियल फाइल्स' ओपन सोर्स आहे, म्हणजे त्याचा कोड कुणालाही उघडून बघता येतो, जाहिराती नाहीत, घरच्या नेटवर्कवरच्या संगणकाशीही जोडता येतं. मी स्वतः रोज हेच वापरतो. 'सॉलिड एक्स्प्लोरर' काही दिवस वापरून पाहायला देतं आणि मग पैसे मागतं. एकदाच द्यायचे असतात, आणि काम देखणं आहे. 'टोटल कमांडर' दिसायला जुनाट वाटेल, पण संगणकावर तो वापरलेल्यांचा हात त्यावर लगेच बसतो. तो फुकट आहे आणि जाहिराती नाहीत.

आता एक गोष्ट जी फार कमी लोक तपासतात. इंटरनेट वापरायची परवानगी अँड्रॉइड आपल्याला विचारून देत नाही, ॲपने मागितली की मिळते. पण मागितली आहे की नाही हे प्ले स्टोअरच्या पानावर 'या ॲपविषयी' मध्ये खाली 'परवानग्या' उघडून दिसतं. ज्या फाइल मॅनेजरने इंटरनेटची परवानगीच मागितलेली नाही, तो तुमच्या फायली वाचेल, पण स्वतः होऊन कुठे पाठवणार कशा? त्याला बाहेर जायला दारच नाही. 'फॉसिफाय फाइल मॅनेजर' अशा प्रकारचं आहे. त्याची गोष्टही सांगण्यासारखी आहे. आधी 'सिंपल मोबाइल टूल्स' नावाचा ओपन सोर्स ॲप्सचा संच होता, साधा, प्रामाणिक, लोकांच्या विश्वासाचा. 2023 च्या शेवटी तो झिपोॲप्स या कंपनीला विकला गेला. ॲप तेच, आयकॉन तोच, मालक वेगळा. ओपन सोर्स असल्यामुळे त्यावर आधी काम केलेल्यांना जुना कोड घेऊन नवा संच उभारता आला, तो फॉसिफाय. म्हणून एकदा निवडलं की झालं असं या बाबतीत होत नाही. अपडेटनंतर अचानक जाहिराती दिसायला लागल्या, नव्या परवानग्या मागितल्या जाऊ लागल्या, की मालक बदललाय का ते बघायचं.

'बूस्टर', 'क्लीनर', 'रॅम साफ' अशी नावं असलेल्या ॲप्सकडे जाऊच नका. ती कॅश, म्हणजे ॲप्सनी तात्पुरत्या साठवलेल्या फायली, पुसतात, आणि ती दोन दिवसांत पुन्हा भरते, कारण ॲप्सना ती लागतेच.

आयफोनवाल्यांना हा प्रश्न फारसा पडत नाही. तिथे 2017 पासून ॲपलचंच 'फाइल्स' ॲप आहे, 2019 पासून त्याला पेन ड्राइव्हही जोडता येतो, आणि एका ॲपला दुसऱ्याच्या फायलींमध्ये सहसा शिरता येत नाही.

टीव्हीची तऱ्हा वेगळी

त्याच दिवाळीत मामेबहिणीच्या लग्नाचा व्हिडिओ आजीला टीव्हीवर दाखवायचा होता. आजीला फक्त मंगलाष्टकं बघायची होती, कारण लग्नाच्या दिवशी ती दवाखान्यात होती. व्हिडिओ माझ्या फोनमध्ये होता, एकच फाइल, 6 जीबीच्या वर. ओटीजी जोडणीने पेन ड्राइव्ह फोनला लावला आणि कॉपी करायला घेतलं. लगेच नापास. पेन ड्राइव्ह 32 जीबीचा, जवळजवळ रिकामा, आणि फोन म्हणतो कॉपी होत नाही. दुसरा फाइल मॅनेजर वापरला, तेच.

दोष ॲपचा नव्हता. पेन ड्राइव्हची आतली मांडणी ज्या पद्धतीने केलेली असते तिला फाइल सिस्टीम म्हणतात. छोटे पेन ड्राइव्ह बहुधा फॅट32 या जुन्या पद्धतीचे येतात. त्या पद्धतीत फाइलचा आकार लिहायला 32 बिटांचीच जागा आहे, म्हणून एक फाइल 4 जीबीपर्यंतच जाऊ शकते. अंक चार घरांत लिहायचे असतील तर 9999 च्या पुढे जाता येत नाही, तसं. पेन ड्राइव्हमध्ये कितीही जागा रिकामी असो, एका फाइलला ही भिंत ओलांडता येत नाही. उपाय म्हणजे पेन ड्राइव्ह एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट करणं. फॉरमॅट करताना त्यावरचं सगळं पुसलं जातं, तेव्हा आधी आतलं काढून घ्या. अलीकडचे बहुतेक टीव्ही एक्सफॅट वाचतात. विंडोज संगणकाची एनटीएफएस पद्धत मात्र बऱ्याच अँड्रॉइड टीव्ही बॉक्सना वाचता येत नाही. पेन ड्राइव्ह टीव्हीला लावूनही 'डिव्हाइस सापडलं नाही' असं येतं तेव्हा फाइल मॅनेजर बदलण्याआधी हे तपासा. 32 जीबीहून मोठी मेमरी कार्डं कारखान्यातूनच एक्सफॅटमध्ये येतात, तिथे हा प्रश्न येत नाही.

पेन ड्राइव्हऐवजी पोर्टेबल हार्ड डिस्क लावणार असाल तर आणखी एक. यूएसबी 2.0 च्या पोर्टातून नियमाने 500 मिलिअँपिअर एवढाच वीजप्रवाह मिळतो. हार्ड डिस्कला तेवढा पुरला नाही तर ती टकटक आवाज करते आणि दिसत नाही. टीव्हीवर निळा किंवा 3.0 लिहिलेला पोर्ट असेल तर तिथे लावून बघा.

आता टीव्हीवर कोणतं ॲप? आधी हे पाहा की टीव्ही कोणत्या घराण्यातला आहे. सॅमसंगचे टायझनवर चालतात, एलजीचे वेबओएसवर. त्यांच्यावर अँड्रॉइडची ॲप्स बसतच नाहीत, तिथे टीव्हीत दिलेला प्लेअरच वापरायचा. अँड्रॉइड टीव्ही किंवा गुगल टीव्ही असेल तरच निवडीचा प्रश्न येतो.

तिथे मी एक चूक केली होती, ती तुम्ही करू नका. फोनवर आवडलेला फाइल मॅनेजर मी पेन ड्राइव्हवरून मामाच्या टीव्हीवर टाकला. पहिली अडचण, तो मुख्य पडद्यावर दिसेचना. टीव्हीसाठी न बनवलेलं ॲप टीव्हीचा होम स्क्रीन दाखवत नाही, ते सेटिंग्जमधल्या ॲप्सच्या यादीत जाऊन उघडावं लागतं. उघडलं, तर रिमोटच्या बाणांनी कोपऱ्यातल्या तीन टिंबांपर्यंत जाताच येईना. बोटाने दाबायचं बटण आणि बाणाने पोचायचं बटण यात हा फरक आहे. आजी शेजारी बसून शांतपणे बघत होती, आणि मी माउस शोधत होतो.

टीव्हीवर 'एक्स-प्लोर' चांगलं चालतं. पडदा दोन भागांत विभागलेला असतो, डावीकडे पेन ड्राइव्ह, उजवीकडे टीव्ही, आणि इकडून तिकडे फाइल हलवायची. रिमोटने सगळं जमतं. काही जास्तीच्या सोयींना पैसे पडतात. दिसायला थोडं गजबजलेलं आहे, पण दहा मिनिटांत सवय होते. 'फाइल्स बाय गुगल' टीव्हीसाठी नाही, ते शोधत बसू नका.

आणि फक्त बघायचंच असेल तर फाइल मॅनेजर लागतच नाही. 'व्हीएलसी' टीव्हीसाठी आहे, फुकट आहे, जाहिराती नाहीत. पेन ड्राइव्ह लावला की त्यातली फोल्डरं स्वतः दाखवतं, घरच्या वाय-फायवर संगणकाने शेअर केलेलं फोल्डरही उघडतं. माझा स्वतःचा कल आता इकडे आहे: टीव्हीवर फाइल मॅनेजर कमीत कमी, व्हीएलसी नक्की. बऱ्याच टीव्ही स्टिक आणि बॉक्समध्ये 8 जीबीच जागा असते, त्यातली बरीचशी सिस्टीमचीच. तिथे 'जागा नाही' आलं तर सेटिंग्जमधून न वापरलेली ॲप्स काढा, मोठ्या ॲप्सची कॅश पुसा. तिथे फाइल मॅनेजरने मोकळं करण्यासारखं फार काही नसतं.

फोनमधून टीव्हीवर फाइल पाठवायला पेन ड्राइव्हचीही गरज नाही. 'सेंड फाइल्स टू टीव्ही' किंवा 'लोकलसेंड' दोन्हीकडे टाका. दोन्ही उपकरणं एकाच वाय-फायवर असली की फाइल थेट जाते, इंटरनेटचा डेटा लागत नाही. लोकलसेंड ओपन सोर्स आहे आणि विंडोज संगणक, आयफोन सगळ्यांशी बोलतं. फोटो, गाणी, छोटे व्हिडिओ याने झटक्यात जातात. 6 जीबीच्या फाइलसाठी मात्र पेन ड्राइव्ह बरा, आणि टीव्हीत तेवढी जागाही नसते.

संगणकाचं फोल्डर टीव्हीवर उघडताना एक सेटिंग कधीकधी समोर येतं, एसएमबी 1. एसएमबी म्हणजे नेटवर्कवर फोल्डर शेअर करायची पद्धत, आणि 1 ही तिची जुनी आवृत्ती. जुने राउटर आणि जुनी ॲप्स ते चालू करायला सांगतात. करू नका. 2017 मध्ये जगभर संगणक बंद पाडणारा वॉनाक्राय व्हायरस याच जुन्या पद्धतीतल्या भोकातून शिरला होता. एसएमबी 2 किंवा 3 न समजणारं ॲप असेल तर ॲप बदला.

एपीके, म्हणजे अँड्रॉइडचं ॲप बसवायची फाइल, हा शब्दही टीव्हीच्या निमित्ताने घरात येतो, कारण टीव्हीवर बाहेरून ॲप टाकायला 'अज्ञात स्रोत' चालू करावा लागतो. काम झालं की ते लगेच बंद करा, आणि फोनवर तर चालूच करू नका. व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका किंवा आरटीओचं चलन म्हणून एपीके फाइल पाठवून लोकांची बँक खाती साफ करण्याचे प्रकार आपल्याकडे घडत आहेत. पत्रिका ही चित्र किंवा पीडीएफ असते. फाइल मॅनेजरमध्ये नावाच्या शेवटी एपीके दिसलं तर ती पत्रिका नाही, ते ॲप आहे. म्हणून फाइल मॅनेजरच्या सेटिंगमध्ये फाइलच्या नावाचा शेवटचा भाग दाखवायची सोय असेल तर ती चालू ठेवा. चुकून बसवलंच आणि पैसे गेले, तर तासाभराचीही वाट न पाहता 1930 ला फोन करा.

निघायच्या आधी मी मावशीसोबत एकच काम केलं, ते तुम्हीही आज करू शकता. सेटिंग्ज, मग ॲप्स, मग 'स्पेशल ॲप ॲक्सेस', मग 'ऑल फाइल्स ॲक्सेस'. काही फोनमध्ये नावं थोडी इकडेतिकडे असतात, सेटिंग्जच्या शोधात टाइप केलं की सापडतं. यादीत पाच ॲप्स निघाली. मावशीने चष्मा लावून एकेक नाव मोठ्याने वाचलं आणि प्रत्येकाला विचारलं, "हे कोण?" ज्याचं उत्तर दोघांनाही देता आलं नाही अशा तिघांची परवानगी तिने स्वतःच्या बोटाने बंद केली.